समुद्र म्हणजे विहीर नव्हे

क्रांती चौकातून सुट्टीसाठी कोकणात निघणाऱ्यांपैकी अनेक जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात. समुद्राचे तसे नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगडमधील मुरूडला सहलीसाठी आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले.

लाटांनी किनाऱ्यावर आलेले पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परतते. या ओढीविरुद्ध पोहणारा दमतो. अशा वेळी तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे.

एकांतातल्या रिसॉर्टजवळ जीवरक्षक नसतो, दवाखानाही लांब असतो. दिवसभर जंजिरा पाहून थकल्यावर किंवा मद्य घेऊन पाण्यात उतरू नये. बुडालेल्याचा श्वास थांबला असल्यास पोट दाबत बसू नये. तोंडाने श्वास व छातीवर दाब द्यावा, दुसऱ्याने 108 ला फोन करावा.