रस्त्याच्या खर्चाची वांटणी आणि आपली पाणंद

आमच्या वेळापुरावरून पंढरपुरास जाणारा पालखीमार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ म्हणून चौपदरी करण्याच्या कामाचा शिलान्यास ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं झाला. महामार्गांत ज्यांची जमीन जाते त्यांस १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वयें मोबदला मिळतो. हें पाहून पुष्कळ बागाईतदार बंधु विचारतात कीं, महामार्गाला पैसा आहे, मग त्या महामार्गापर्यंत आमचा ऊंस जेथून जावयाचा त्या वाटेला कां नाहीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर, रस्त्याचा खर्च कोणीं किती सोसावयाचा, या वांटणींत आहे.

ही वांटणी आजकालची नव्हे. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यान्वयें साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड घेतला जाई. त्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. म्हणजे गाडीवाटेचा पैसा शेतकऱ्याच्याच कनवटीचा. पुढें मोटारी वाढल्या. रस्ते सुधारणें प्रांतिक सरकारें व स्थानिक संस्था यांच्या आवांक्याबाहेर जाऊं लागलें, तेव्हां १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर दर गॅलनमागें दोन आणे जादा घेऊन मध्यवर्ती रस्ते निधि उभारला गेला. प्रांतांना त्यांतून वांटा मिळे तो मुख्यत्वें पेट्रोलच्या खपाच्या मानानें. जेथें मोटारी अधिक तेथें पैसा अधिक. बैलगाडीला पेट्रोल लागत नाहीं हा तिचा अपराध! याच निधीला २००० सालीं कायद्याचा आधार मिळाला, आणि २०१८ पासून त्याचें नांव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधि असें झालें.

गांवें जोडणाऱ्या रस्त्यांसाठीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजीं निघाली. आरंभीं बांधणीचा सर्व खर्च केंद्राकडे होता. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे हिस्से ठरले. पण वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे साठ-चाळीस रोकडीचे आहेत. जमीन विकत घेण्यास या योजनेंत केंद्राची दमडी नाहीं. ती राज्यानें मोकळी करून द्यावयाची, आणि व्यवहारांत तिचा भार गांवावर येतो. बांधणीनंतर पांच वर्षें दुरुस्ती त्याच ठेकेदारानें करावयाची असते, पण तिचा पैसा राज्याचा.

पाणंदींचेंहि तसेंच. राज्य सरकारच्या ११ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयानें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना निघाली, तींत रोजगार हमीच्या पैशाला राज्याच्या पैशाची जोड दिली गेली. जोड कां लागली? २००५ च्या रोजगार कायद्यांत मजुरी ६० व साहित्य ४० असें प्रमाण होतें, आणि आपल्या काळ्या रानांत मुरूम, खडी व दबाई यांवांचून रस्ता पहिल्याच पावसांत खचतो. मजुरी थोडी, माल फार, असें हें काम. योजनांचीं नांवें बदलतात; जमिनीचा हिशेब मात्र बदलत नाहीं.

तो हिशेब असा. गाडीमार्गाची नोंदलेली रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ. साडेसोळा फूट म्हणजे तेहतीस फुटी साखळीच्या निम्मी. तेवढ्या रुंदीच्या ६६० फूट वाटेस बरोबर १० गुंठे लागतात. एका किलोमीटरास सुमारें सव्वा एकर. वाट बांधावरून असून दोहोंकडील खातेदारांनीं निम्मी निम्मी सोडली, तर ६६० फुटांत एकेकाचे पांच गुंठे जातात. पांच गुंठे ऊंस सोडणें सोपें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ऊंसतोडीची टोळी फडांत उभी असतां ट्रॅक्टर चिखलांत रुतला व तोडलेला ऊंस वाळूं लागला, तर त्या पांच गुंठ्यांचा भाव निराळा भासतो.

शिवाय कित्येक ठिकाणीं ही जमीन सोडावयाची नसून परत द्यावयाची असते. सात-बारावर पोटखराब (ब) म्हणून रस्त्याखालीं दाखविलेल्या क्षेत्रावर आकार बसलेला नसतो. तें नांगरून ऊंस लावणें याला दांडगाई हेंच नांव आम्हांस सुचतें. असलेली वाट कोणीं अडविल्यास मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खालीं तहसीलदाराकडे जातां येतें, मात्र अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आंत. वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खालीं बांधावरून मागतां येते. त्या निर्णयाविरुद्ध एक वर्षाच्या आंत दिवाणी दावा चालतो. तो दावा लागला कीं रस्ता कागदावरच म्हातारा होतो. म्हणून निकालापेक्षां संमति बरी.

संमति तोंडी नसावी. गांवनकाशाची नक्कल, लागणाऱ्या गटांचे सात-बारा, प्रत्येक खातेदाराची लेखी संमति व ग्रामसभेचा ठराव एवढें अर्जासोबत जोडावें. त्याच ठरावांत आणखी एक कलम घालून घ्यावें: ज्याचा पाट रस्ता ओलांडतो त्यानें रस्त्याखालून स्वखर्चानें नळ घालावा, आणि भरण्याचें पाणी रस्त्यावर सोडूं नये. मोजणी फड मोकळा असतां, लागणीपूर्वीं करून घ्यावी. ऊंस डोक्यावर गेल्यावर दगड सांपडत नाहींत.