टपालाची थैली आणि उतारूचे तिकीट

दांडीच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेल्या माणसाला विमानाचे नवल राहिलेले नाही. विमान इंधनावर चालते हेही सर्वांस ठाऊक आहे. पण विमान कंपनी कशावर चालते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तोच आम्ही येथे घेतला आहे.

त्याचे उत्तर आपल्या बंदरातच सापडते. बोट समुद्रावर गेली नाही म्हणून तिच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. आणि गेली, तर मासळी एक टोपली मिळो वा पन्नास, डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा यांचा खर्च तेवढाच. विमानाचेही तसेच. आसने भरोत वा न भरोत, खर्चात फारसा फरक पडत नाही. शिवाय रिकामे गेलेले आसन म्हणजे बर्फाविना राहिलेली मासळी. ते उद्या विकता येत नाही. म्हणून उतारू मोजके असलेल्या मार्गावर कंपनीला आधी एखादे कायमचे गिऱ्हाईक लागते.

आपल्याकडे ते गिऱ्हाईक म्हणजे टपाल होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा लहानसे ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादेस त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! विमानात उतारू नव्हता, टपालाच्या थैल्या होत्या. विलायतेचे टपाल ‘इंपीरियल एअरवेज’ कराचीपर्यंत आणी. तेथून मुंबई व मद्रासेस ते पोचविण्याचे काम टाटांनी पत्करले होते. मुंबईहून पुढे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी विमान नेले. सरकारने ठोक अनुदान दिले नाही. जेवढे टपाल न्यावे तेवढ्याच वजनाचा मोबदला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. पहिल्या वर्षात उतारू मिळाले अवघे 155, टपाल मात्र सुमारे 10 टन गेले, आणि कंपनीस नफाही झाला. तो उतारूंच्या तिकिटांवर झाला नसता, हे सांगावयास नको.

हाच पेच मध्य आफ्रिकेत निराळ्या रीतीने सोडविला गेला. तेथे अंतरे मोठी, वस्ती विरळ. 1946 साली दक्षिण ऱ्होडेशिया, उत्तर ऱ्होडेशिया व न्यासालँड या तीन सरकारांनी भागीदारीत ‘सेंट्रल आफ्रिकन एअरवेज’ स्थापन केली. जे एकाला पेलवणार नाही ते तिघांनी मिळून उचलावे, हा हिशेब. परंतु पुढे भागीदारांच्या राजकीय वाटा फुटल्या, आणि 1967 अखेर ती कंपनी मोडून तीन देशांच्या तीन वेगळ्या कंपन्या झाल्या. सरकारांच्या खांद्यावर उभी असलेली सेवा खांदे एकत्र असतात तोवरच टिकते.

आपल्या सरकारनेही 2017 पासून ‘उडान’ योजनेत लहान शहरांसाठी असा खांदा दिला. काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे आणि येणारी तूट तीन वर्षे भरून द्यावयाची, अशी ही योजना. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात तिच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे. ठरलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले. त्यांतील 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतरही चालू राहिले अवघे 54.

यावरून योजनाच वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. आडगावी जाणारी एस.टी. नेहमी भरूनच धावते असे थोडेच आहे? तरी ती हवी, कारण तिच्यावर शाळा आणि दवाखाना अवलंबून असतो. तोटा सोसणे हा दोष नव्हे. तो कोण, किती दिवस आणि कशासाठी सोसणार, हे आधी न सांगणे हा दोष होय. मुदत संपताच सेवा बंद पडली, की तिच्या भरवशावर धंदा उभारणारा माणूस फसतो.

म्हणून विमानसेवेचे आश्वासन कानी पडेल, तेव्हा तिकीट किती, एवढेच विचारून थांबू नये. आसने रिकामी राहिली तर टपालाची थैली कोणाची, हेही विचारावे. तांडेल बोट पाण्यात लोटण्यापूर्वी एवढा हिशेब करतोच.