महायुद्धातले अस्सल फोटो जमवताना

दुसऱ्या महायुद्धात कितीतरी जर्मन सैनिकांनी स्वतःचा कॅमेरा सोबत नेला होता. त्यांनी काढलेले तळहाताएवढे, बहुधा ६ × ९ सेंटिमीटरचे फोटो आजही जुन्या बाजारात आणि लिलावांत मिळतात. नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. रणगाडे, विमाने, एसएसचे गणवेश यांचा भाव चढा, आणि नकलाही त्यांच्याच जास्त. बटाटे सोलणारे, पत्र लिहिणारे सैनिक स्वस्तात मिळतात. मला तरी तेच अधिक बोलके वाटतात.

फोटो हाती आला की आधी उलटा करा. पाठीवर आग्फा, लिओनार अशा कागद बनवणाऱ्यांचा छाप असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेले गाव नि तारीख. मग अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चकाकद्रव्ये फोटोच्या कागदात १९५०च्या दशकात रुळली. त्यामुळे प्रत निळसर झळकली तर ती बहुधा युद्धानंतरची. न झळकली म्हणजे अस्सलच, असे मात्र नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर विषयच संपला. गडद भागांवर, विशेषतः कडेने आलेली रुपेरी झाक ही वयाची चांगली खूण.

विक्रेते अल्बम फोडून एकेक फोटो विकतात. पैसे जास्त सुटतात, पण माणूस कोण, तुकडी कुठली, हा धागा तुटतो. परवडला तर अल्बम अखंडच घ्या. ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद. पीव्हीसी नको, चिकटपट्टी तर मुळीच नको.