खाणावळीचा वारसा

शेतीवाडी, घरदार, दागदागिने ही वारशाने मिळणारी संपत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मोजमाप करता येते आणि प्रसंगी वाटणीही होते. परंतु एखाद्या माउलीच्या हाताला जी चव असते, ती पुढच्या पिढीच्या पदरात कशी घालावी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो नावाचे शहर आहे. तेथील एका मेक्सिकन कुटुंबाच्या खाणावळीची हकिकत या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे.

कॅलिफोर्निया हा प्रांत १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. पुढे फळबागांत व रेल्वेच्या कामावर मजुरी करण्यासाठी मेक्सिकोतून असंख्य माणसे तेथे गेली. अशाच कष्टकरी लोकांच्या वस्तीत १९३७ साली लुसिया व साल्वादोर रोड्रिगेझ या दांपत्याने ‘मित्ला कॅफे’ ही खाणावळ उघडली. शिकागोहून पश्चिमेकडे जाणारा ‘मार्ग ६६’ हा प्रसिद्ध महामार्ग तिच्या दारावरून जात असे.

मेक्सिकन जेवणाचा प्राण म्हणजे ‘टॉर्टिया’, अर्थात मक्याची पातळ भाकरी. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. त्यामुळे त्यांची टरफले सुटतात आणि त्यांतील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. नंतर ते धुऊन आपल्या पाट्यासारख्या दगडावर वाटण्याची तेथील जुनी रीत आहे. मका आणि मिरची यांची जन्मभूमी अमेरिका खंडच असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्या देशात रुजली. ही भाकरी दुमडून, तळून कुरकुरीत करतात व तिच्यात खिमा, चीज, लेट्यूसची पाने आणि टोमॅटो भरतात. हाच मित्लाचा ‘टाको’. तो खाण्यासाठी तेथे रांगा लागत.

१९५० च्या सुमारास ग्लेन बेल नावाचा तरुण समोरच आपले छोटे उपाहारगृह चालवीत होता. ती गर्दी पाहून तो रोज मित्लात जाऊन टाको खाऊ लागला. त्याची जिज्ञासा पाहून घरच्या मंडळींनी त्याला स्वयंपाकघरात येऊ दिले. त्याने ती कृती शिकून घेतली आणि १९६२ मध्ये ‘टाको बेल’ची स्थापना केली. पुढे त्या नावाची हजारो दुकाने देशोदेशी निघाली. मित्ला मात्र आपल्या जागी राहिली. आणि तिच्या मालकांनी बेलच्या उत्कर्षाबद्दल मनात कटुता धरली नाही.

कृती गेली, तर मग कुटुंबाकडे उरले काय? याचे उत्तर त्या खाणावळीच्या इतिहासातच आहे. एके काळी त्या शहरातील सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. या अन्यायाविरुद्ध झगडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठका मित्लात भरत. १९४४ मध्ये न्यायालयाने तो तलाव त्यांना खुला करण्याचा आदेश दिला. भुकेल्यांना अन्न देणारे हे घर वस्तीचे मानाचे स्थानही झाले होते.

पुढे दिवस पालटले. नवा महामार्ग झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली. १९९४ मध्ये शहरातील विमानदलाचा तळ बंद झाला. २०१२ मध्ये तर खुद्द नगरपालिकेवर दिवाळे जाहीर करण्याची पाळी आली. अशा पडत्या काळातही मुलांनी व नातवंडांनी दार बंद केले नाही. आजोबांच्या वेळचे गिऱ्हाईक नातवंडांना घेऊन येई, तेव्हा त्याला जुनीच चव आणि ओळखीचे स्वागत मिळे.

वडिलोपार्जित व्यवसायाचे मर्म यातच आहे. कृती चार दिवसांत शिकता येते. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास प्रत्येक पिढीला स्वतःच्या कष्टाने नव्याने मिळवावा लागतो. पूर्वजांनी पेटविलेली चूल वारशाने मिळते खरी, पण तिच्यात रोज सकाळी सरपण घालण्याचे काम वारसालाच करावे लागते.