'मस्त!' ऐकून चित्र सुधारत नाही : निसर्गचित्राचा सराव आणि अभिप्राय

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं थोडी नीट केलीत, एवढंच.

माझं गाव हिमायतनगर, जिल्हा नांदेड. पोटापाण्याला सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी जलरंग हातात घेतले. पहिला विषय अर्थातच सहस्रकुंड, पैनगंगेचा धबधबा. अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. वर्षभरात चाळीसेक चित्रं झाली. घरच्या ग्रुपवर टाकलं की 'वा, मस्त!' आणि चार अंगठे. पण चाळिसावं चित्र पहिल्यासारखंच दिसत होतं. खरं सांगतो, रंग कुणाला तरी देऊन टाकावेत असं वाटायला लागलं होतं.

मग ओळखीच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना वही दाखवली. सर म्हणाले, "बाळा, तुझा लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतकाच गडद आहे. मग तो लांब जाणार कसा?"

या एका वाक्यात वर्षभराची चूक सापडली. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवा असते. त्या हवेत धूळ असते, बाष्प असतं. त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि लांबची वस्तू फिकट, निळसर दिसते. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. पण डोंगर हिरवा असतो हे आपल्याला 'माहीत' असतं, म्हणून आपण हिरवा फासतो. शाळेतले दोन त्रिकोणी डोंगर आणि मधला सूर्य आठवतो ना? तसंच. आपण बघून नाही, आठवून काढतो.

याची तपासणी सोपी आहे. समोरच्या दृश्याचा आणि आपल्या चित्राचा फोटो काढा, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करा. चित्रात सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं, तर दोष हिरव्या-निळ्याचा नाही, छटांचा आहे. फोन नसेल तर डोळे किलकिले करून बघा.

आता सरावाचं. दर रविवारी नवीन जागा शोधू नका. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवला. जागा तीच असली की बदलतो तो फक्त प्रकाश, आणि तोच तर शिकायचाय. मी पोस्टकार्डाएवढा कागद घेतो आणि वीस मिनिटं लावतो. एका वेळी एकच गोष्ट : आज फक्त छटा, उद्या फक्त पाण्याची कड. मोठ्या कागदावर चार तास घालवले की चूक कबूल करायला जीव होत नाही.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक अडचण, ऊन. एप्रिलमध्ये दुपारी ब्रश टेकला की रंग वाळलाच. सकाळी लवकर बसा, कागद आधी ओला करून घ्या. आणि जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून थोडा गडदच लावा.

अभिप्रायाचं म्हणाल तर आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. तिथे 'कोड छान आहे' असं कुणी लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. अमुक ओळीत अमुक अडचण आहे, असं लागतं. चित्राचंही तेच. 'कसं झालंय?' विचारलं की उत्तर 'छान' येणारच. त्याऐवजी विचारा, 'नजर आधी कुठे जाते?' 'यातलं सगळ्यात लांब काय वाटतं?' याचं उत्तर चित्रकार नसलेली आईसुद्धा बरोबर देते. आणि उत्तर मिळाल्यावर वाद घालायचा नाही. वहीत लिहायचं आणि जुनं चित्र दुरुस्त करत न बसता पुढच्या चित्रात वापरून बघायचं. दुसऱ्याला सांगताना मात्र माणसावर नाही, कागदावर बोट ठेवा.

आणि 'आपण इंजिनिअर, आपल्याला काय जमणार' असं वाटत असेल, तर पुण्याचे नामवंत जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक यांचं शिक्षणही इंजिनिअरिंगचंच आहे.

परवा सहस्रकुंडाचं नवीन चित्र सरांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "डोंगर गेला लांब. आता पाण्याकडे बघ."

'मस्त' म्हणाले नाहीत, तरी रात्री वही उघडून पुन्हा बसलो. तुम्हीही या रविवारी एक पोस्टकार्ड करा आणि कुणाला तरी एक नेमका प्रश्न विचारा. भेटूया पुढच्या भागात!