दलालांच्या मुखपृष्ठाचे चार ब्लॉक

दीनानाथ दलालांनी रंगवलेलं मुखपृष्ठ असलेला जुना दिवाळी अंक हाती आला, तर तो भिंगाखाली धरून पाहावा. हातभर अंतरावरून स्त्रीच्या गालावर दिसणारी गव्हाळ कांती भिंगाखाली नाहीशी होते. उरतात पिवळे, किरमिजी, निळे आणि काळे ठिपके. संगणकावर असं मुखपृष्ठ नव्याने उभं करणाऱ्याला काम इथूनच सुरू करावं लागतं.

मडगावला 1916 साली जन्मलेल्या दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक काढला. त्या काळी रंगीत चित्रं बहुतेक हाफटोन ब्लॉकवरून छापली जात. मूळ चित्राचे वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो घेत. निळ्या फिल्टरमधून पिवळ्या शाईचा ब्लॉक तयार होई, हिरव्यातून किरमिजीचा आणि लालमधून निळ्याचा. मध्ये बारीक रेघांच्या काचेची जाळी असे, ती रंगछटांचे लहानमोठे ठिपके करी. मग धातूचा पत्रा आम्लात कोरला जाई. जर्मनीत गेओर्ग मायझेनबाखने 1882 मध्ये हाफटोनचं पेटंट घेतलं. पण त्यामागचं गणित आपल्याकडेही मांडलं गेलं. कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींचे त्यावरचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात आले होते. ‘संदेश’ मासिकाचे हे संस्थापक मला यासाठी फार मोठे वाटतात.

चार रंगांचे ठिपके एकमेकांवर चढून नक्षी दिसू नये म्हणून प्रत्येक जाळीचा कोन वेगळा ठेवतात. काळा 45 अंशांवर, किरमिजी 75 वर, निळा 15 वर. पिवळा डोळ्यांना सर्वांत कमी जाणवतो म्हणून तो शून्यावर बसवतात. कागद एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा मशीनवर चढे. दमट हवेत तो किंचित फुगला की रजिस्टर, म्हणजे रंगांचा एकमेकांवरचा नेमका मेळ, हले आणि साडीच्या काठाशी लाल रंगाची कड डोकावे.

फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, 1994 च्या आवृत्तीत लेयर आले आणि हे सारं घरच्या टेबलावर शक्य झालं. तरी बहुतेक जण फोटोवर पिवळट झाक टाकतात, चुरगळलेल्या कागदाचा पोत चढवतात आणि थांबतात. मला ही वाट पटत नाही. तो पिवळेपणा कागदातल्या लिग्निनचा आणि इतक्या वर्षांचा आहे. दिवाळीत स्टॉलवर आलेला अंक झगझगीत होता. आधी छपाई उभी करावी, वय नंतर.

म्हणजे चित्र सीएमवायके या चार शायांच्या मोडमध्ये नेऊन चारही चॅनेल सुटे करायचे. प्रत्येकाला बिटमॅप करताना हाफटोन स्क्रीन निवडून त्याचा कोन द्यायचा. गुळगुळीत आर्टपेपरचा भास हवा असेल तर इंचाला 133 रेघा, वर्तमानपत्री कागदाचा हवा असेल तर 65 ते 85. प्रत्यक्ष आकारात 1200 डीपीआय तरी ठेवावं, नाहीतर ठिपके तुटतात. मग चारही थर आपापल्या शाईचा रंग देऊन मल्टिप्लाय मोडमध्ये एकावर एक ठेवायचे, म्हणजे शाईवर शाई चढते तसे रंग मिसळतात. शेवटी किरमिजी थर केसभर सरकवायचा. जुन्या अंकाचाच स्कॅन वापरणार असाल, तर त्यातले मूळ ठिपके आधी डीस्क्रीन करून विरवून टाकावे लागतात; ठिपक्यांवर ठिपके पडले की चित्रभर लाटा उमटतात. उजेडाने पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, म्हणून जुनी मुखपृष्ठं निळसर दिसतात. तेवढं वजन त्या दोन थरांना परत द्यावं.

खरी परीक्षा अक्षरांची. मासिकाचं नाव चित्रकार हाताने काढी, त्यामुळे एकाच नावातले दोन ‘व’ही सारखे नसत. तयार फॉन्ट तिथे लगेच उघडा पडतो. पेन टूलने एकेक वळण स्वतः काढावं लागतं. मजकूरही त्या काळाचा हवा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी ‘नांव’, ‘कांहीं’ असं छापत. ‘किर्लोस्कर’ मासिकाने सावरकरांच्या लिपीसुधारणेप्रमाणे ‘अि’, ‘अु’ छापलं. आणि 1952 च्या अंकावर ‘50 पैसे’ लिहिलं की सगळी मेहनत वाया, कारण नवे पैसे 1957 च्या एप्रिलमध्ये आले. तिथे ‘8 आणे’च हवेत. रुपयाचं आजचं चिन्ह तर 2010 चं.

दलाल 1971 मध्ये गेले. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे 2031 अखेरपर्यंत. त्यांचं चित्र प्रसिद्ध करायचं तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी. सरावासाठी स्वतःचं चित्र याच पद्धतीने छापून पाहावं. नव्याने केलेल्या प्रत्येक मुखपृष्ठावर, तळाच्या ओळीत, आजचं साल आणि करणाऱ्याचं नाव घालावं, म्हणजे उद्या ते जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात अस्सल म्हणून विकलं जाणार नाही.