हिरव्या कॉफीचा अर्क आणि रक्तातील साखर

कॉफी म्हटली की जो तपकिरी रंग आणि जो खमंग वास आपणांस आठवतो, तो कॉफीच्या झाडाचा नव्हे, विस्तवाचा होय. कुर्ग, चिकमगळूर किंवा वायनाड येथील मळ्यांतले बी सुकवून सोलले म्हणजे ते फिकट हिरवट दिसते. वास म्हणाल तर वाळल्या गवतासारखा. ज्याला आपल्या आज्या ‘बुंद’ म्हणत, ते हेच. ते भाजल्यावाचून कोणी प्यावे, ही कल्पना त्यांना चमत्कारिकच वाटली असती! अलीकडे मात्र या न भाजलेल्या बियांचा अर्क गोळ्यांच्या रूपाने विकला जातो, आणि त्याने वजन उतरते, रक्तातील साखर उतरते, अशी ग्वाही दिली जाते. भारतात मधुमेही माणसे दहा कोटींवर आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत निघाला. गोव्यात तर प्रौढांत हे प्रमाण २६.४ टक्के आढळले. तेव्हा या ग्वाहीत तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

तथ्य मुळीच नाही, असे नव्हे. हिरव्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचे द्रव्य विपुल असते. सुक्या वजनाच्या शेकडा पाच ते दहा भाग तेच भरते. नावावरून क्लोरीनची शंका येते, पण त्या वायूचा येथे काही संबंध नाही; ग्रीक भाषेतील ‘हिरवा’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. बी जितके अधिक भाजावे, तितके हे आम्ल अधिक नष्ट होते. म्हणून अर्क कच्च्या बियांचा काढावयाचा.

आता साखरेशी त्याचा संबंध कसा येतो? आपण खाल्लेल्या भाताचे वा भाकरीचे आतड्यात ग्लुकोज होते, ते काही वितंचकांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने. यकृतही आपल्या साठ्यातून रक्तात ग्लुकोज सोडीत असते. तेथेही एक वितंचक राबत असते. क्लोरोजेनिक आम्ल या दोन्ही ठिकाणच्या वितंचकांना आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु काचनळी निराळी आणि माणसाचे पोट निराळे. पोटात गेलेल्या या आम्लापैकी सुमारे एक तृतीयांशच लहान आतड्यात शोषले जाते. उरलेले मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जंतू त्याचे रूपच पालटून टाकतात.

या विषयाला बळ मिळाले ते हॉलंडमधून. तेथील १७,१११ स्त्री-पुरुषांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. दिवसाकाठी सात वा अधिक पेले कॉफी पिणाऱ्यांत, दोन किंवा त्याहून कमी पेले पिणाऱ्यांच्या मानाने, प्रौढवयातील मधुमेहाचा धोका निम्माच आढळला. मात्र ही मंडळी पीत होती ती भाजलेली कॉफी. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच, असे नाही.

हिरव्या कॉफीचा गाजावाजा झाला तो २०१२ साली छापल्या गेलेल्या, बंगळूर येथील एका प्रयोगामुळे. त्यात माणसे होती अवघी सोळा! बावीस आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले, असा दावा होता. अमेरिकेतील दूरचित्रवाणीने तो घरोघर पोहोचविला. पुढे तेथील व्यापार आयोगाने आरोप ठेवला की, वजनांचे आकडे बदलले गेले होते, आणि खरा अर्क कोणाला व नुसती फसवी गोळी कोणाला, याचीही नोंद चुकीची दिली गेली होती. खर्च पुरविणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये पस्तीस लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि पुढल्याच महिन्यात तो निबंध मागे घेण्यात आला. हा प्रयोग वजनाचा होता, साखरेचा नव्हे, हे खरे. पण साखरेच्या दाव्याने बाजारात पाऊल टाकले ते याच कीर्तीचा हात धरून.

यानंतरचे जे प्रामाणिक प्रयोग आहेत, ते बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यांतील काहींत उपाशीपोटीची साखर किंचित उतरली, काहींत उतरली नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी जी रक्ततपासणी असते, तिच्यात फरक पडतो की नाही हे ठरविण्यास इतका अवधी अपुरा पडतो. आणखी एक अडचण आहे. हिरव्या बीमध्ये कॅफीनही असते, आणि ते तात्पुरते तरी इन्सुलिनचा प्रभाव कमी करते. म्हणजे एकाच गोळीत साखर उतरविणारा आणि चढविणारा असे दोघे शेजारी नांदत असण्याचा संभव आहे. त्यांचे प्रमाण प्रत्येक उत्पादकाच्या अर्कात वेगळे असते.

मधुमेहावर औषध चालू असलेल्यांनी ते थांबवून हा अर्क घेण्यात उघड धोका आहे. औषधाच्या जोडीने घेतला आणि त्याचा गुण खरोखरच आला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊन घाम, कंप, घेरी अशी लक्षणे दिसू शकतात. ‘ही तर नुसती वनस्पती’ असे म्हणून पुष्कळ लोक अशा गोळ्यांचा उल्लेख डॉक्टरांजवळ करीतच नाहीत. मग साखर एकाएकी का उतरली, याचे कारण डॉक्टर चालू औषधांतच शोधीत बसतात.